कुटुंब विभागातलं टेबल

देवका गेली हे मला कोंडवाड्यात कळलं. सेलूच्या कोंडवाड्यात मी मुन्शी आहे. लोकांच्या शेतात घुसलेली जनावरं इथे आणून बांधतात. त्यांची नोंद करायची, वैरण-पाणी बघायचं, मालक आला की दंड घेऊन पावती द्यायची, एवढं माझं काम.

देवका चार दिवसांपूर्वी हिंगणीला भावाकडे गेली होती. तिला ताप आल्याचं मला माहीत नव्हतं. दुपारी हिंगणीचा एक माणूस सायकलवर आला. आमच्याकडे वाईट बातमी एकदम सांगत नाहीत. आधी पाणी मागतात, मग पावसाचं विचारतात. त्यानेही पाणी मागितलं, इकडे पेरण्या कशा झाल्या ते विचारलं आणि बांधलेल्या जनावरांकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, जनावर सोडवायला आला आहे. मी विचारलं, कोणतं? त्याला काही सुचेना. त्याने एका पांढऱ्या गाईकडे बोट केलं. मी पावती लिहायला घेतली. रंग पांढरा, डावं शिंग वाकडं, इथपर्यंत लिहून मालकाचं नाव विचारलं, तेव्हा तो रडायला लागला.

"मुन्शीजी, गाय माही नाई," तो म्हणाला. "तुमची बाई गेली. सकाळीच गेली."

ती पावती तशीच अर्धी राहिली. पावतीपुस्तकावर नंबर छापलेले असतात, पान फाडून टाकता येत नाही. महिन्याभराने तपासणीला साहेब आले, त्यांनी बोट ठेवलं. नियम असा आहे की आडवी रेघ मारायची, 'रद्द' लिहायचं आणि खाली कारण लिहायचं. मी रेघ मारली आणि कारण लिहिलं, 'पत्नी वारली.' साहेबांनी सही केली. पांढरी गाय तिच्या खऱ्या मालकाने केव्हाच सोडवून नेली होती.

ही हकीकत मात्र गाईची नाही, पापलेटाची आहे.

दहाव्याला बोर नदीच्या काठी पिंड ठेवला. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मग घरचे लोक एकेक करून हात जोडतात. हे करून देईन, त्याला सांभाळीन, असं म्हणत जातात आणि खरी इच्छा सापडली की कावळा येतो. आमचे शेजारी नानाजी, त्यांच्या आईच्या वेळी दीड तास लागला होता. शेवटी तिचा पितळी डबा धाकट्या सुनेला देतो म्हटल्यावर कावळा उतरला.

मी तयारीने गेलो होतो. देवकाची एक इच्छा राहिली होती आणि ती मला ठाऊक होती. वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं: 'तुझं पापलेट राहिलं, ते मी करीन.' दहाव्याच्या ठिकाणी, तुळशीची माळ घातलेल्या नानाजींसमोर आणि आमच्या ऑफिसच्या हेडक्लार्क अण्णाजींसमोर मासोळीचं नाव काढायचं म्हणजे सोपं नव्हतं. पण दीड तास सगळ्यांना उन्हात उभं ठेवण्यापेक्षा ते बरं, असा विचार मी केला होता.

महाराज बाजूला झाले. मी हात पुसत मागे सरकत होतो, पुरते पुसूनही झाले नव्हते, तोच कावळा आला आणि त्याने पिंडाला चोच मारली.

लोकांना बरं वाटलं. "पुण्यवान बाई," नानाजी म्हणाले. "मागं काईच ठेवलं नाई." अण्णाजींनी घड्याळ बघितलं. सगळे घराकडे निघाले.

मी तिथेच उभा राहिलो. माझा अपमान झाला असं मला वाटलं. ज्या गोष्टीचा बेत आम्ही दोघं सात वर्षं करत होतो, ती कावळ्याने एका मिनिटात निकालात काढली. थोडा तरी अडायचा. त्यातून तो कावळा माझ्या ओळखीचा होता. त्याच्या उजव्या पायाला एक बोट कमी आहे. रोज कोंडवाड्यात म्हशींच्या पाठीवर बसून गोचिड खातो. तो कशासाठीही आला असता. अशा कावळ्याची साक्ष मी मानायला तयार नव्हतो.

आता सात वर्षं कशी लागली ते सांगतो. सन पन्नासच्या दिवाळीत देवकासाठी नागपूरहून एक लुगडं मागवलं होतं. लुगड्याच्या घडीत एक छापील जाहिरात निघाली. सीताबर्डीवर 'समुद्र-विहार' नावाचं हॉटेल उघडलं होतं. मुंबईची ताजी मासोळी बर्फात घालून मेल गाडीने आणणार, टेबलावर पांढरी चादर, डोक्यावर विजेचा पंखा, कुटुंबासाठी स्वतंत्र विभाग. शेवटी एक ओळ होती, 'पोशाखाचे बंधन नाही.' मी ती वाचून दाखवली. देवकाला वाचता येत नव्हतं. ती हिंगणीची, नदीच्या काठावर वाढलेली, मरळ आणि झिंग्यांवर तिचा फार जीव. समुद्राची मासोळी तिने बघितली नव्हती. ती म्हणाली, "पाहू तरी एक बार, कशी लागते ते."

मी म्हटलं, जाऊ. तेवढ्यावर सगळं सुरू झालं.

मी बोलका माणूस नाही. दिवसभर जनावरांत असतो आणि जनावरांना उत्तरं लागत नाहीत. आम्हाला मूलबाळ नव्हतं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी आमचं बोलणं म्हणजे मीठ कमी आहे, पाणी तापलं आहे, उद्या बाजार आहे, एवढंच. पण ती जाहिरात आल्यापासून रात्रीचं जेवण झालं की मी पंचांग आणि रेल्वेचं टाइमटेबल घेऊन बसू लागलो. ती समोर सूप घेऊन तुरीची डाळ निवडायची. कोणत्या गाडीने जायचं, कोणत्या गाडीने यायचं, आधी देऊळ की आधी हॉटेल, याचा आम्ही विचार करायचो.

अडचणी खऱ्या होत्या. त्या हॉटेलात समुद्राची मासोळी फक्त बुधवारी आणि शनिवारी यायची. शनिवारी देवकाचा उपास. बुधवारी कोंडवाड्यातल्या बेवारशी जनावरांचा लिलाव. लिलाव नसेल तो बुधवार संकष्टीत जायचा, नाही तर एकादशीत. श्रावण वर्ज्य, पितृपक्ष वर्ज्य, नवरात्र वर्ज्य, आणि हे सगळं चुकवून जो बुधवार सापडायचा, त्या दिवशी कोणाची तरी तेरवी निघायची. सन चौपन्नमध्ये एक बुधवार अगदी निर्दोष होता. त्या वेळी रेल्वेने टाइमटेबल बदललं.

देवका कधी कंटाळली नाही. उलट तिला त्यातले बारकावे सुचायचे. एकदा म्हणाली, पंख्याखाली बसू नये, पदर उडते. एकदा म्हणाली, "तिथं भिंतीले मोठा आरसा हाय म्हणे." कोण म्हणतं, विचारलं तर म्हणाली, लोक म्हणतात. सन छप्पनच्या नोव्हेंबरात आपला भाग मुंबई राज्यात गेला. त्या दिवशी तिने डाळ निवडता निवडता विचारलं, "तं आता समुद्र आपला झाला का?"

मी म्हटलं, कागदोपत्री झाला.

"मंग पापलेटाले इकडं याले काऊन इतका उशीर?" ती म्हणाली आणि बराच वेळ हसत होती.

पुढच्या आषाढात ती गेली.

वर्षश्राद्ध होईपर्यंत मी गप्प राहिलो. वर्षभर मासोळी खायचीही नसते. श्राद्ध झालं आणि मी 'समुद्र-विहार'ला जोडकार्ड टाकलं की येत्या बुधवारी पापलेट खायला येतो. उत्तर आलं की पावसाळ्यात समुद्रात बोटी जात नाहीत, पापलेट नारळी पौर्णिमेनंतर मिळेल. ही गोष्ट आम्हाला सात वर्षांत कोणी सांगितली नव्हती. आमच्या बोर नदीला पाऊस पडला की मासोळी चढते. समुद्रात तर पाणीच पाणी, तिथे पावसाळ्यात मासोळी नाही असं कोणाच्या मनात येणार? म्हणजे आम्ही सात वर्षं पंचांगात जे आषाढातले बुधवार शोधले, ते सगळे फुकट होते. हे देवकाला सांगितलं पाहिजे, असं मी चटकन मनात म्हटलं. मग आठवलं.

पौर्णिमेनंतर पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी. तेवढ्या वेळात मी रजेचा अर्ज दिला. अर्जात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, 'नागपूर येथे जाऊन पापलेट खाणे.'

अर्ज अण्णाजींकडून परत आला. त्यांनी मला बोलावून 'खासगी काम' असं लिहायला सांगितलं. मी म्हटलं, खासगी काम म्हणजे काय, हे उद्या कोणी विचारलं तर? अठ्ठावीस वर्षांत मी कारणाच्या रकान्यात खोटं लिहिलेलं नाही. अण्णाजी म्हणाले, मग पत्नीची अंतिम इच्छा म्हणून लिहा, सहानुभूतीने बघता येईल. मी तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा परत. आता त्यांना आठवलं होतं.

"मुन्शीजी, मी सोता नदीवर होतो," अण्णाजी म्हणाले. "कावळा माह्यासमोर शिवला. इच्छाच नव्हती, तं रजा कायच्यावर देऊ?"

मी कावळ्याच्या पायाचं बोट, गोचिड, सगळं सांगितलं. त्यांनी अर्जाच्या कडेला शेरा लिहिला, 'कारणाबाबत मतभेद आहे', आणि अर्ज फाइलीत बंद केला.

अर्ज चार टेबलांवरून फिरला होता, त्यामुळे पापलेटाची बातमी सेलूभर झाली. ज्याने त्याने मला थांबवून सल्ला दिला. एकाने सांगितलं की समुद्राच्या मासोळीत मीठ आधीच असतं, वरून घेऊ नका. एकाने जोडा घालूनच जा म्हटलं, दुसऱ्याने 'पोशाखाचे बंधन नाही' म्हणजे फक्त टोपीचं बंधन नाही, असा अर्थ काढला. सगळ्यांत जास्त सल्ला नानाजींनी दिला. नानाजी पटवारी होते, आता घरी असतात. माळकरी आहेत, कांदासुद्धा चातुर्मासात खात नाहीत. पण इंग्रज साहेबाच्या दौऱ्यात त्यांनी आठ दिवस तंबूच्या दारात काढले होते.

"मी खात नाई, पण खायाची रीत मले ठाऊक हाय," ते म्हणाले.

त्यांनी कुठून तरी एक काटा आणि एक बोथट सुरी पैदा केली. रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर मला बसवून उकडलेल्या वांग्यावर शिकवणी सुरू झाली. वांग्याचं देठ म्हणजे शेपूट, तिकडून सुरुवात करायची. काटा डाव्या हातात. मी म्हटलं, डाव्या हाताने जेवायचं? ते म्हणाले, जेवायचं नाही, फक्त तोंडात घालायचं. तिसऱ्या दिवशी वांगं निसटून अंगणात गेलं आणि त्यांच्या वासराने खाल्लं. मी चोपन्न वर्षांचा माणूस, रस्त्याने जाणारे लोक उभे राहून बघत होते. नानाजींच्या पत्नी लीलाबाई दाराच्या आडून बघायच्या. त्या देवकाच्या जिवाभावाच्या मैत्रीण. सगळं गाव सल्ला देत होतं, पण लीलाबाई पापलेट हा शब्द निघाला की आत जायच्या. मला वाटलं, देवकाची आठवण येत असेल.

रजा शेवटी म्हशीने मिळवून दिली. दिवाळी झाली आणि एका शेतकऱ्याने कपाशी खाताना धरलेली एक म्हैस आणून बांधली. ती अण्णाजींची निघाली. अण्णाजी कोंडवाड्यात आले, इकडचं तिकडचं बोलले, आणि म्हणाले की नोंद घ्यायची घाई काय आहे. मी म्हटलं, जनावर आत आलं की नोंद होते. ते म्हणाले, "तुमचा तो रजेचा अर्ज कुठं गेला हो?" दुसऱ्या दिवशी बुधवारची रजा मंजूर होऊन आली. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, 'नागपूर येथे जाणे.' त्यांचा हिशेब असा की मी गेलो की शिपाई तानबा मुकाट्याने म्हैस सोडील. मी म्हशीची नोंद आदल्या संध्याकाळीच केली होती. पण हे त्यांना सांगण्याची मला गरज वाटली नाही.

हॉटेलशी पत्रव्यवहार मी अर्ज अडलेला होता तेव्हाच सुरू केला होता. मला कुटुंब विभागातलंच टेबल पाहिजे होतं, कारण देवकाचं सगळं ठरवणं त्या टेबलाचं होतं. मी तसं कार्डात लिहिलं. उत्तर आलं, 'एकट्या गृहस्थांस कुटुंब विभागात बसता येत नाही. पुढील हॉलमध्ये सोय आहे.' मी पुन्हा लिहिलं की मी एकटा नाही, कुटुंबासाठीच येत आहे, पण कुटुंब येऊ शकत नाही. त्यावर उत्तर आलं, 'कुटुंब येऊ शकेल तेव्हा यावे.'

हे कार्ड मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मग नानाजींना दाखवलं. नानाजींनी ते नियमाच्या अंगाने वाचलं. म्हणाले, कुटुंब म्हणजे बायकोच असं कुठे लिहिलं आहे? बाईमाणूस सोबत असलं की कुटुंब झालं. मग त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की लीलाबाई माझ्यासोबत त्या टेबलावर बसतील, काही खाणार नाहीत, फक्त बसतील. नानाजी स्वतः बाहेर एखाद्या पारावर थांबतील.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

पुढचे आठ दिवस लीलाबाईंचा गुडघा दुखत होता. मग त्यांची गाय विणार होती. मग त्यांना गाडीत चक्कर येते असं निघालं. नानाजी म्हणाले, एवढी वर्षं कधी चक्कर आली नाही. रजा हातात आल्याबरोबर मी हॉटेलला लिहिलं, दोन माणसं, पैकी एक बाई. उत्तर आलं, 'बुधवार रोजी कुटुंब विभागात दोन खुर्च्यांचे टेबल, आरशासमोर, राखून ठेवले आहे. न येणे झाल्यास कार्डाने कळवावे.' आरसा खरंच होता. देवकाला सांगणारे लोक कोण होते, असा विचार मनात आला, पण मी तो लांबवला नाही. टाइमटेबल बघायचं होतं.

बुधवारी पहाटे आम्ही बैलांची दमणी जुंपून सेलू रोड स्टेशनवर गेलो. मी धुतलेलं धोतर, कोट आणि टोपी घातली होती. लीलाबाईंनी सोबत शिदोरी बांधून घेतली होती. हॉटेलात जेवायला जाताना शिदोरी कशाला, हे नानाजींनीही विचारलं नाही. आमच्याकडे शिदोरीशिवाय कोणी गाडीत चढत नाही. पॅसेंजर उशिरा होती. नानाजी तिकिटं काढून मास्तरांशी बोलायला गेले. मी आणि लीलाबाई बाकावर बसलो, मध्ये शिदोरी.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "आपण नको जाऊ."

मी म्हटलं, गुडघा दुखत असेल तर हळू चालू.

"गुडघा नाई दुखत." त्यांनी नानाजींच्या दिशेने बघितलं. नानाजी खिडकीपाशी पाठ करून उभे होते. "तिथला वाढपी मले ओळखीन."

मला काही कळलं नाही. लीलाबाईंनी पदर तोंडापर्यंत घेतला आणि शिदोरीकडे बघत सांगितलं. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यातून पाणी यायचं. ते दाखवायला त्या आणि देवका दोघी नागपूरला गेल्या होत्या. हे मला माहीत होतं, मीच गाडीची वेळ काढून दिली होती. दवाखाना लवकर आटपला. परतीच्या गाडीला तीन तास होते. देवका म्हणाली, चल, जरा पाहू तरी. दोघी विचारत विचारत 'समुद्र-विहार'ला गेल्या. दोन बाया बघून वाढप्याने त्यांना कुटुंब विभागात आरशासमोर बसवलं. पंख्याने देवकाचा पदर उडून चटणीत पडला. देवकाने पापलेट मागवलं.

"तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"एक तुकडा," त्या म्हणाल्या. "ह्याईच्या माळेची आन, एकच."

नानाजींच्या माळेची शपथ घेऊन मासोळीचा तुकडा मोजणारी बाई मी दुसरी बघितलेली नाही. पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. मी विचारलं, तिला आवडलं का.

"कायचं आवडते. म्हणे, आपल्या बोरीच्या मरळीच्या पासंगाले पुरत नाई. काटेच नाईत तं मासोळी खाल्ल्यासारखं वाटत नाई म्हणे. अर्धं मांजरीले टाकलं."

लांब सिग्नल पडला. मी कावळ्याचा विचार करत होतो. तो दहाव्याला इतक्या लवकर का आला ते आता कळत होतं. न कळणारी गोष्ट दुसरी होती. सन त्रेपन्नपासून सत्तावन्नपर्यंत, चार वर्षं, ती रोज समोर बसून बुधवार आणि शनिवार ऐकत होती. टाइमटेबल बदललं तेव्हा हळहळली होती. समुद्र आपला झाला का, असं विचारलं होतं.

"मग मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"मी म्हणलं होतं तिले," त्या म्हणाल्या. "म्हणलं, सांगून टाक बाई, बिचारा माणूस रोज ते पुस्तक घेऊन बसते. तं म्हणे, म्हणूनच तं नाई सांगत. पापलेट सरलं, तं मंग हे माह्यासंग काय बोलतीन?"

गाडी आली. नानाजी हातात तीन तिकिटं घेऊन लगबगीने आले, चला चला म्हणू लागले. मी बसूनच राहिलो. त्यांनी मला दंडाला धरलं. मी त्यांना म्हटलं की आपण परत जाऊ. त्यांनी कारण विचारलं. लीलाबाई शिदोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत होत्या. मी एवढंच म्हटलं, "नानाजी, कावळ्याचं खरं होतं."

नानाजींचं समाधान झालं. "मी तं दहाव्यालेच म्हणलो होतो," ते म्हणाले. गाडी निघून गेली. तिकिटं परत करायला ते मास्तरांकडे गेले. मास्तरांनीही कारण विचारलं. नानाजींनी त्यांना कावळ्याची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मास्तर बाहेरगावचे होते. त्यांनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि तिकिटं परत घेतली नाहीत.

परत येताना दमणीत नानाजी एकटेच बोलत होते. त्यांचं म्हणणं असं की काटा-सुरीची शिकवणी वाया गेली नाही, विद्या कधी वाया जात नाही. लीलाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या तुकड्याचं मी कोणाला सांगणार नाही. आता इथे लिहिलं आहे, पण नानाजी छापील गोष्टी वाचत नाहीत, पंचांग सोडून.

रजा होती तरी मी कोंडवाड्यात गेलो. तानबा अण्णाजींच्या म्हशीचं दावं सोडत होता. मला बघून त्याने ते पुन्हा बांधलं. अण्णाजींनी संध्याकाळी येऊन दंड भरला. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. कावळा म्हशीच्या पाठीवर बसलेला होता. लीलाबाईंनी माझ्या वाटणीची शिदोरी मला दिली होती. त्यातली अर्धी भाकर मी त्याला टाकली. कोर्टात साक्षीदाराला भत्ता असतो आणि याचा दीड वर्षाचा थकला होता.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी सवयीने टाइमटेबल काढलं. समोर सूप नव्हतं. मी नागपूरच्या गाड्या मोठ्याने वाचल्या, जाण्याच्या आणि येण्याच्या. मग बंद केलं. मला तिला बरंच काही विचारायचं होतं, त्यात पापलेटाचं एकही नव्हतं. तिला लहानपणी नदीत पोहता यायचं का, हे मला माहीत नाही. सत्तावीस वर्षांत विचारायचं राहिलं. हिंगणीला तिच्या भावाला विचारता येईल. तिकडे जायला टाइमटेबल लागत नाही, बैलगाडी जाते.

'समुद्र-विहार'ला कळवायचं राहिलं आहे. न येणे झाल्यास कार्डाने कळवावे, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ते बरोबर आहे. कार्ड आणलं. पत्ता लिहिला. 'कुटुंब विभागातील टेबल रद्द करावे' हेही लिहिलं. त्याखाली कारण लिहायचं आहे. त्यांनी कारण मागितलेलं नाही, पण रद्द लिहिलं की खाली कारण लागतं, अशी माझ्या हाताला सवय आहे. पावतीवर लिहिलं होतं ते इथे खरं होत नाही. ती वारली म्हणून तर मी टेबल मागितलं होतं.

सव्वा महिना झाला. कार्ड टाइमटेबलात ठेवलं आहे. कारण लिहायचं राहिलं आहे.